नागेशीच्या तळीवर पोलरायझर कसा फिरवावा

पावसाने उघडीप दिली की गोव्यात सगळंच चमकायला लागतं. माडाच्या झावळ्या, अळवाची पानं, ओले चिरे, सगळ्यांवर पांढरट झाक. डोळ्यांना बरी वाटते, पण फोटोत हिरवा रंग धुऊन निघाल्यासारखा येतो. मग एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन ओढत बसायचं. तो रंग मुळात फिका नसतो, चकाकीखाली झाकला गेलेला असतो. ती चकाकी लेन्सच्या तोंडाशीच अडवायला पोलरायझर लागतो, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायचा फिल्टर.

दुकानात ‘सीपीएल’ मागा, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. जुन्या लिनियर प्रकाराने डीएसएलआरचं ऑटोफोकस आणि मीटरिंग (प्रकाश मोजणं) गोंधळू शकतं. लेन्सच्या पुढच्या कडेवर ५८, ६७, ७७ असा आकडा असतो, तोच फिल्टरचा मिलिमीटरमधला आकार. लेन्स दोन-तीन असतील तर सर्वांत मोठ्या आकाराचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, लावा. घेताना लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनकडे फिल्टरची पुढची बाजू करून आरपार बघा आणि फिरवा. स्क्रीन काळवंडली तर माल खरा.

आता नागेशीच्या देवळाच्या तळीवर या. फिल्टर लावा, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत पुढची रिंग हळूहळू फिरवा. पाव फेऱ्यात चकाकी ओसरते, पुढच्या पाव फेऱ्यात परत येते. फिरवताना घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवायचं. कॅमेऱ्यामागून बघताना ती घड्याळाच्या उलटी असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उलटा फिरवत राहिलो, फिल्टरचे आटे सुटले आणि पायरीवर एकदा टण्ण करून तो पाण्यात गेला. मासे तेवढे बघायला आले.

फिरवण्याइतकंच उभं कुठे राहायचं तेही महत्त्वाचं. पाण्यावरची चकाकी सगळ्यांत जास्त कापली जाते ती पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितल्यावर. डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच असतील तर सुमारे दोन मीटर पुढचं पाणी बघा. तिथे तळाच्या पायऱ्या आणि मासे स्वच्छ दिसतात. पायाशी वाकून सरळ खाली बघितलंत तर फिल्टर कितीही फिरवा, फरक नावालाच. म्हणून आधी दोन पायऱ्या चढून-उतरून बघा, रिंगेला मग हात लावा. आणि माडांचं प्रतिबिंबच हवं असेल तर चकाकी ठेवा! पूर्ण कापलीच पाहिजे असं नाही. मी तर बऱ्याचदा अर्ध्यावर थांबतो.

आकाशाचं गणित वेगळं. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वाधिक गडद होतं. तर्जनी सूर्याकडे, अंगठा काटकोनात, आणि मनगट फिरवा: अंगठा जिथे जिथे जाईल तो पट्टा कामाचा. सकाळ-संध्याकाळी तो उत्तर-दक्षिणेला येतो. गोव्यात मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या मध्याच्या आसपास दुपारी साडेबारा-पाऊणला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा चहूकडे क्षितिजालगतचं आकाश गडद करता येतं. भर दुपारी फोटो काढण्याचं हे एकच कारण मला पटतं. वाइड लेन्स असेल तर मात्र जपून, आकाशात मधेच निळा डाग पडल्यासारखं दिसतं.

फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. १/२५० सेकंदाच्या शटरवर मिळणारं एक्स्पोजर १/६० वर येऊ शकतं, मग हात हलला की फोटो गेला. धबधब्यावर हेच फायद्याचं: ट्रायपॉड लावा, पाणी रेशमी करा आणि ओल्या खडकांची चकाकीही काढा. कॅमेरा आडव्याचा उभा केलात तर रिंग पुन्हा फिरवायची, हे हमखास विसरतं. इंद्रधनुष्य दिसलं तर सांभाळा, चुकीच्या कोनात ते चक्क गायब होतं. गाडीच्या पत्र्याची धातूसारखी चमक पूर्ण जाईल अशी आशा नको, काचेवरची मात्र जाते. अंधार पडला की फिल्टर डब्यात.

किनाऱ्यावरून आलात तर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग ओलसर मऊ कापडाने खारट थर पुसा. कोरडं घासलंत तर ओरखडे पडतील. आणि फिल्टर लेन्सवर अडकून बसला तर पक्कड आणू नका. भाजीच्या जुडीचं रुंद रबर मागच्या, न फिरणाऱ्या कडेभोवती गुंडाळा आणि जोर न लावता सगळीकडून सारखं धरून फिरवा. सुटतो.