कानाला मोहरी लावायची पद्धत

झोप लागत नाही, ऑपरेशनच्या आदल्या रात्री जीव घाबरतो, अशा माणसाच्या कानाला मी मोहरीचे दाणे चिकटवते. सुई वापरत नाही, आणि घरात कुणी वापरूही नये. कानाचा वरचा भाग कूर्चेचा. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथे जंतू शिरला की पू होऊन कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. इतकी वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काम केल्यावर ही एक गोष्ट मी कुणाला सैल सोडत नाही.

दाणा नेमका कुठे लावायचा ते कानावरचे बिंदू सांगतात. या बिंदूंचा आजचा नकाशा फ्रान्समधल्या लियों शहरातले डॉक्टर पॉल नोजिए यांनी 1950च्या दशकात मांडला. सायटिकाच्या काही रुग्णांच्या कानावर त्यांना डागण्याचे व्रण दिसले आणि त्या डागण्याने कळ थांबली असं ते रुग्ण सांगत. त्यावरून त्यांनी कानावर उलट्या गर्भाचं चित्र कल्पिलं: पाळीत डोकं, वर पाय. आम्हा सोलापूरकरांना ॲक्युपंक्चरविषयी, म्हणजे अशा बिंदूंवर सुया टोचण्याच्या चिनी उपचाराविषयी, आपुलकी आहे ती वेगळ्या कारणाने. आमचे डॉ. कोटणीस 1938 साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे ही विद्या भारतात घेऊन आले.

आता कृती. कुडी, बुगडी काढून ठेवा. कान स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर पट्टी टिकत नाही. कानाच्या आतली उभी कड बोटाने वर वर चाचपत गेलात की ती दोन फांद्यांत फुटते. त्या फांद्यांमधला त्रिकोणी खळगा आपला. फांद्या जिथे फुटतात त्या टोकाजवळ, वरच्या फांदीच्या बाजूला ‘शेनमेन’ बिंदू येतो. काडेपेटीतल्या काडीचं गुल नसलेलं टोक तिथे हळूच टेकवत जा; जिथे माणूस ‘इथे दुखतंय’ म्हणेल तिथे थांबा. घाई करू नका, आजूबाजूला दोन-तीनदा ताडून बघा.

मायक्रोपोरचा, म्हणजे ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीचा, नखाएवढा चौकोन कापा, मधोमध मोहरीचा एक गोल दाणा ठेवा आणि बिंदूवर दाबून बसवा. चिनी पद्धतीत वकारिया नावाच्या झाडाच्या काळ्या बिया लावतात, त्या मिळाल्या तर उत्तमच. मेथी नको, आंघोळीच्या पाण्याने फुगते. दिवसातून तीन-चारदा, आणि झोपण्याआधी नक्की, चिमटीत धरून मिनिटभर दाबायचं. दुखरेपण जाणवावं, कळ येऊ नये. दाबताना श्वास सावकाश सोडायला सांगा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. तीन दिवसांनी पट्टी काढा, एक दिवस मोकळा जाऊ द्या, मग दुसरा कान.

झोपेसाठी कानाच्या मधल्या खोल खळग्यातला हृदयबिंदूही सांगतात. तिथे दाणा लावू नका, सुटला तर थेट कानाच्या भोकात जाईल. करंगळीने दाबलं तरी पुरे.

गरोदर बाईला हे करू नका. त्याच त्रिकोणात गर्भाशयाचा बिंदू मानतात. इसब, ताजं टोचलेलं भोक, पट्टीची ॲलर्जी असेल तरीही नको. मधुमेह्याच्या कानाची कातडी रोज बघा. लहान मुलांपासून दाणे दूर ठेवा.

यातून काय मिळतं? मन निवतं, पडल्या पडल्या डोळा लागायला मदत होते. बीपीची किंवा साखरेची गोळी याच्या भरवशावर एक दिवसही चुकवू नका. मोठ्या आजारांवरचे दावे मला पटत नाहीत. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत 620 जणांवर कानाच्या सुयांची चाचणी झाली. 2002 साली तिचा निकाल आला तेव्हा खऱ्या बिंदूंवरच्या आणि भलत्या जागी टोचलेल्या सुयांत फरक दिसला नाही.

कान लाल, गरम झाला, ठणकू लागला तर दाणा लगेच काढा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हळद, तेल काही लावत बसू नका.