परदेशी आयफोनचं कुलूप असं उघडलं

आतेभावाने अमेरिकेहून आणलेल्या आयफोनमध्ये दादरला आल्यावर इथलं सिम घातलं, तर ‘सिम नॉट सपोर्टेड’! फोन तिथल्या मोबाइल कंपनीच्या सिमलाच बांधलेला, म्हणजे लॉक होता. लॅमिंग्टन रोडवर एकाने सिमखाली कागदासारखी पातळ चिप सरकवून फोन चालू करून दिला. अपडेट आलं आणि पुन्हा ठप्प. शेवटी ऑनलाइन अनलॉक करणाऱ्याला २,५०० रुपये दिले. धाकधूक होतीच. त्याला *#०६# दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि त्या मूळ मोबाइल कंपनीचं नाव एवढंच हवं होतं. पासवर्ड मागितला असता तर तिथेच रामराम ठोकला असता. पाचव्या दिवशी निरोप आला. वायफाय जोडलं, सिम घातलं, सेटिंग्जच्या ‘अबाउट’मध्ये ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’! भाऊ आता म्हणतो, फोनचे हप्ते फिटलेत, त्या मोबाइल कंपनीनेच फुकटात अनलॉक केलं असतं. आधी बोलायला काय झालं होतं?