मागे इंजिन, पुढे रेडिएटर: बगीतली अडकलेली हवा कशी काढली

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना बगीच्या, म्हणजे हलक्या उघड्या मोटारीच्या, इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे जायचा, मधेच खाली पडायचा. ते पडणं फसवं: सेन्सरभोवती पाणी नसून वाफ असते. कारण, रेडिएटरचं तोंड इंजिनच्या वरच्या होजपेक्षा (रबरी नळीपेक्षा) खाली होतं. हवा थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेपाशी, साचत होती.

सगळ्यात उंच होजमध्ये टी-आकाराचा जोड बसवून भरायची टाकी तिथे घेतली. प्रेशर कॅप (दाब धरून ठेवणारं झाकण) फक्त टाकीवर, रेडिएटरला साधं बंद झाकण. थर्मोस्टॅटच्या तबकडीला ३ मिमीचं भोक, बसवताना वरच्या बाजूला. फ्लोअरखालच्या पाइपांना कुठेही उंचवटा नको, हे फार महत्त्वाचं.

इंजिन थंड असताना कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं, सावकाश ओतायचं. रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवायचा. मग पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवायचं. पूर्ण गार झाल्यावरच कॅप उघडून पातळी भरायची.