ठशाची शाई आधी तपासा

दिवाळीची शुभेच्छापत्रं घरी करताना ठसे आणि वॉटरकलर पेन्सिली (ज्यांचा रंग पाण्याने विरघळतो) एकत्र वापरणार असाल, तर आधी शाई बघून घ्या. ऑफिसातल्या स्टँप पॅडची जांभळी शाई ओला ब्रश लागला की पसरते आणि पणतीच्या पिवळ्या ज्योतीत जांभळा ओघळ उतरतो. वॉटरप्रूफ शाईचं पॅड घ्या. तरीही रद्दी कागदावर एक ठसा उमटवून, वाळल्यावर ओलं बोट फिरवून खात्री करावी.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) बरा; पातळ कार्डशीट पाण्याने फुगते. फार खरखरीत कागदावर मात्र ठशाच्या बारीक रेषा तुटतात.

सगळा आकार पेन्सिलने घासत बसू नका. फक्त रेषेच्या आतल्या कडेने रंग द्यायचा, ब्रश ओला करून फडक्याला टिपायचा आणि रंग कडेकडून मध्याकडे ओढायचा. ज्योतीला कडेने नारिंगी देऊन मधे कागद कोराच ठेवला, तर ती खरंच उजळते. अगदी चिमुकल्या जागी पेन्सिलच्या टोकावरूनच ओल्या ब्रशने रंग उचलावा. शेजारचा रंग द्यायचा तो पहिला रंग वाळल्यावरच. कार्ड वाकलंच, तर पूर्ण सुकल्यावर रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.