खान्देशात राहून हौशी गोल्फपटू व्हायचं तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या खेळाडूला अठरा होल (म्हणजे पूर्ण फेरी) खेळायला बहुधा पुणे-मुंबईच गाठावी लागते. म्हणून सराव रानात करायचा आणि बाहेर जायचं ते फक्त फेरी खेळून गुण नोंदवायला.

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या की रान मोकळं होतं, पण ते तसंच वापरू नका. वाळलेल्या काळ्या जमिनीवर आयर्न (लोखंडी टोकाचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) आपटून उसळतो, चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि मनगट दुखावतं. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पट्टा खणून निम्मी वाळू मिसळा, संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी ऊन चढायच्या आत मारा. पट्ट्यावर फक्कीची रेघ ओढून चेंडू रेघेवर ठेवा. माती रेघेच्या पुढे उडाली तर फटका बरोबर. मागे उडाली तर बहुतेक वेळा वजन मागच्या पायावरच राहिलेलं असतं. चटईवर ही चूक कळत नाही, क्लब घसरून पुढे जातो. जाळी लावलीत तर ढिली सोडा. ताणलेली जाळी चेंडू अंगावर परत फेकते. निम्मा वेळ तरी चिप (होलजवळून मारायचा छोटा उडता फटका) आणि पट (चेंडू होलकडे घरंगळवायचा फटका) यांना द्या. ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबची, हौस सगळ्यांनाच असते, फटके मात्र इथे वाचतात.

कारकीर्द खरी मोजली जाते ती हँडिकॅपवर, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यावर; तो जितका कमी तितका खेळ चांगला. पहिला आकडा मिळायला 54 होलची नोंद लागते, सोबत किमान एक जण खेळणारा हवा. समजा 100 फटके झाले, कोर्स रेटिंग (मुरलेल्या खेळाडूला त्या मैदानावर लागणारे फटके) 71 आणि स्लोप (सामान्य खेळाडूला ते मैदान किती अवघड, त्याचा आकडा) 125. तर 100 वजा 71, म्हणजे 29 ला 113 ने (हा प्रमाण स्लोप) गुणून 125 ने भागा: 26.2. अठरा होलच्या तीन फेऱ्यांत हाच सर्वांत कमी आकडा असेल, तर त्यातून 2 वजा, म्हणजे 24.2. पुढे शेवटच्या 20 पैकी उत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरतात. सुरुवातीला एका होलवर पारपेक्षा (त्या होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा) 5 जास्त, यापुढचे फटके धरत नाहीत. ‘एवढा पट तर जाणारच’ म्हणून चेंडू उचलायची सवय इथे महागात पडते: आकडा खोटाच खाली येतो आणि स्पर्धेत उघडा पडतो.

2022 पासून हौशी खेळाडूला 700 पौंड किंवा 1000 डॉलरपर्यंतचं बक्षीस चालतं. रोख रक्कम मात्र हँडिकॅप न धरता होणाऱ्या स्पर्धेतच. गावातल्या पोरांना पैसे घेऊन शिकवायचा विचार असेल, तर आधी नियम वाचा. त्यानं हौशी दर्जा जाऊ शकतो.