प्राध्यापकावर ट्रोलधाड आली तर आधी काय करावे

वर्गातल्या तासाचा कापलेला तुकडा किंवा लेखातले एखादे वाक्य फिरू लागले की बघता बघता शिवीगाळ, धमक्या, प्राचार्यांना मेल आणि घरी फोन सुरू होतात. उत्तरे देत बसू नका. तुमच्या प्रत्येक उत्तराने पोस्ट पुन्हा वर येते. खुलासा एकदाच, मूळ पूर्ण व्हिडिओच्या किंवा लेखाच्या लिंकसह द्या.

ब्लॉक किंवा रिपोर्ट करण्याआधी पुरावा साठवा, कारण नंतर पोस्ट हटली की हाती काहीच राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये हँडल, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. कापलेल्या स्क्रीनशॉटवरून खाते शोधणे पोलिसांना अवघड जाते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, फोन रीसेटही करू नका. कारण डिजिटल पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात उपकरणाचा तपशील आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते.

हा सगळा मजकूर स्वतः वाचू नका, ते काम विश्वासू सहकाऱ्याकडे द्या. थेट धमकी आली, पत्ता फुटला किंवा मुलांचा उल्लेख झाला, एवढेच त्याने तुम्हाला सांगावे. झोप उडालेल्या माणसाने रात्री दोनला कमेंट चाळणे फार घातक.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कॉलेजची वेबसाइट. नॅकसाठी (कॉलेजांचे मूल्यांकन करणारी संस्था) चढवलेल्या बायोडेटात अनेकदा मोबाइल, जन्मतारीख आणि घरचा पत्ता असतो. ती पीडीएफ त्याच दिवशी काढायला लावा आणि गूगलच्या निकालांतूनही हटवण्याची विनंती करा.

मेलचा पूर येण्याआधी प्राचार्यांना तुम्हीच एक पानी टिपण द्या. नाहीतर घाबरलेली संस्था ‘आमचा संबंध नाही’ असे पत्रक काढते आणि हल्लेखोरांना जोर चढतो. लैंगिक छळ करणारा संस्थेतलाच असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करा.

जिवाची भीती असेल तर ११२. १९३० ही सायबर हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवला जाणारा गुन्हा) म्हणून देता येते. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, महिलेचा ऑनलाइन पाठलाग केल्यास ७८. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ लिहू नका, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्येच रद्द केले आहे.

सहकाऱ्यांनी कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा तास वाटून घ्यावेत आणि संध्याकाळी घरापर्यंत सोबत जावे.