पेरिओडॉन्टायटिस म्हणताना जीभ अडखळते? हे करून बघा

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा हिरड्यांच्या आजाराचा शब्द आला की मधला 'ओ' गायब, तोंडातून निघायचं 'पेरिडॉन्टिटिस', नाहीतर सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर, जाम वैताग यायचा. मोबाईलवर उच्चार ऐकून झाला, वहीत देवनागरीत लिहून पाठ केला, पण घाईत बोललं की परत तेच.

शेवटी जमलं ते असं. आधी अर्थाचे तुकडे पाडा, तिन्ही ग्रीक: पेरि म्हणजे भोवती, ओडॉन्ट म्हणजे दात, आयटिस म्हणजे दाह. तो 'ओ' दाताचाच आहे हे एकदा कळलं की गळत नाही. मग उच्चाराचे तुकडे, ते वेगळ्याच जागी तुटतात आणि सहा होतात: पे-रि-ओ-डॉन-टाय-टिस. आता शेपटाकडून वर चढायचं, टायटिस, डॉनटायटिस, ओडॉनटायटिस, आणि हे सलग यायला लागलं की मगच पुढे पेरि जोडायचं. मुख्य जोर 'टाय'वर, 'पे'वर हलकासा, बाकीचे पळवायचे.

आणि हो, शेपूट बदललं की जोर पण सरकतो: पेरिओडॉन्टलमध्ये 'डॉन'वर, पेरिओडॉन्टॉलॉजीत 'टॉ'वर. जिंजिव्हायटिस (हिरड्यांचा दाह) मधलं जिंजिव्हा, म्हणजे हिरडी, लॅटिन, पण शेपूट तेच म्हणून जोर 'व्हाय'वर.